बेसी स्मिथच्या तसबिरीखाली : ‘द सिस्टरहुड’, ब्रुकलिन, १९७७

प्रसंग

फेब्रुवारी १९७७ मधल्या एका रविवारी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कवयित्री जून जॉर्डन यांच्या घरी काही कृष्णवर्णीय लेखिका एकत्र जमल्या. जेवायला गम्बो होता, प्यायला शॅम्पेन होती आणि बोलायला त्यांचे स्वतःचे लेखन होते. त्या दुपारी काढलेले एक छायाचित्र पुढे बरेच प्रसिद्ध झाले. त्यात आठ स्त्रिया दिसतात, काही बसलेल्या आणि काही त्यांच्या मागे उभ्या. टोनी मॉरिसन, ॲलिस वॉकर, एन्टोझाके शांगे आणि यजमान जॉर्डन त्यांत ओळखू येतात, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर ब्लूजगायिका बेसी स्मिथ यांची मोठी तसबीर लावलेली आहे. या गटाने स्वतःला ‘द सिस्टरहुड’ असे नाव दिले. पुढची दोन वर्षे तो महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भेटत राहिला. ऑड्रे लॉर्ड, पॉल मार्शल (नाव पुरुषी वाटले तरी या लेखिका) आणि समीक्षक मार्गो जेफरसन यांच्यासारख्या आणखी काही जणी त्यात येत गेल्या.

या गटाचा अभ्यास करावासा वाटतो तो नावांच्या वजनामुळे नव्हे. मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले आणि वॉकर यांना १९८३ मध्ये कादंबरीसाठीचे पुलित्झर मिळाले, पण हे सगळे नंतरचे आहे, आणि नंतरच्या यशावरून आधीच्या भेटींना अर्थ लावत बसलो की त्या भेटी प्रत्यक्षात काय करत होत्या ते हातचे सुटते. प्रश्न साधा आहे. ज्यांची पुस्तके छापली जात होती, ज्यांचे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, चालू होते, त्या स्त्रियांना दर महिन्याला एका टेबलाभोवती बसण्याची गरज का वाटली? आणि त्या बसण्याला जेवणाचे आणि मद्याचे रूप का आले, सभेचे किंवा संघटनेचे का आले नाही?

एकच खुर्ची

त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी कुणीही होतकरू नव्हते. शांगे यांचे नाट्यकाव्य सप्टेंबर १९७६ मध्ये ब्रॉडवेच्या बूथ थिएटरमध्ये आले होते. १९५९ मध्ये लोरेन हॅन्सबेरी यांचे पहिले नाटक ब्रॉडवेवर झाले होते, आणि त्यांच्यानंतर तिथे नाटक पोहोचलेल्या शांगे या दुसऱ्याच कृष्णवर्णीय स्त्री नाटककार मानल्या जातात. वॉकर यांची दुसरी कादंबरी १९७६ मध्ये आली होती आणि त्या ‘मिझ’ या स्त्रीवादी नियतकालिकाच्या संपादनाशी जोडलेल्या होत्या. मॉरिसन यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या होत्या, तिसरी त्याच वर्षी यायची होती, आणि रँडम हाऊस या बड्या प्रकाशनसंस्थेत त्या संपादक होत्या. जॉर्डन यांच्या निवडक कवितांचा संग्रह १९७७ मध्ये त्याच संस्थेतून निघाला आणि त्याचे संपादन मॉरिसन यांनी केले.

तरीही यांतल्या प्रत्येकीची जागा अधांतरी होती. ‘दुसऱ्याच’ हा शब्द जेव्हा सतरा वर्षांच्या अंतराने लिहावा लागतो, तेव्हा तो व्यवसाय कृष्णवर्णीय लेखिकेसाठी किती खुर्च्या मांडतो हे कळते. खुर्ची एकच असते, तिच्यावर एक बसली की दुसरीने उभे राहायचे असते, आणि दोघी दिसल्याच तर त्यांची तुलना करून एकीला उठवले जाते. मॉरिसन यांची तिसरी कादंबरी एका मोठ्या पुस्तकमंडळाने महिन्याची मुख्य निवड म्हणून घेतली, तेव्हा कृष्णवर्णीय लेखकाला तो मान १९४० मध्ये रिचर्ड राइट यांना मिळाल्यानंतर प्रथमच मिळत होता. मधली सदतीस वर्षे त्या खुर्चीवर कुणी बसलेच नव्हते.

ही टंचाई बाजाराने तयार केलेली होती, पण तिचे परिणाम माणसांच्या आपसांतल्या नात्यांवर होत होते. परीक्षणकार दोन लेखिकांची नावे एकाच परिच्छेदात घेतो ती शेजारी बसवण्यासाठी घेत नाही, झुंजवण्यासाठी घेतो, आणि ज्यांची झुंज लावली जाते त्या एकमेकींना ओळखतही नसल्या तर ती झुंज खरी होऊन बसते. ओळख असली, एकमेकींच्या ताटात वाढून झालेले असले, तर परीक्षणातले ते वाक्य वाचून फोन उचलता येतो. जॉर्डन आणि वॉकर यांनी पुढाकार घेऊन जे उभे केले त्याचे मर्म मला इथे दिसते.

दुसरीकडे चळवळींमध्येही यांची जागा सरळ नव्हती. साठच्या दशकातल्या कृष्णवर्णीय साहित्यचळवळीचा आवाज मुख्यतः पुरुषांचा होता, आणि स्त्रीवादी चळवळीचे सार्वजनिक रूप मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांचे होते. शांगे यांच्या नाटकात कृष्णवर्णीय पुरुषांचे चित्र वाईट रंगवले आहे, हा आरोप तेव्हा गाजत होता. १९७९ मध्ये, मिशेल वॉलेस यांच्या पुस्तकानंतर, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेपल्स यांनी ‘द ब्लॅक स्कॉलर’ या नियतकालिकात शांगे आणि वॉलेस या दोघींना उद्देशून ‘संतप्त कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यां’ना उत्तर देणारा लेख लिहिला आणि तो वाद आणखी पेटला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, गोऱ्या समाजाच्या हाती कोलीत देऊ नये, हा त्या आरोपामागचा युक्तिवाद मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दलित आत्मकथनांना आणि विशेषतः दलित स्त्रियांच्या लेखनाला आपल्याकडे तो पुष्कळ वेळा ऐकावा लागला आहे.

दोन बिनखुणेच्या कबरी

छायाचित्रातली तसबीर मी केवळ सजावट मानत नाही. ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेसी स्मिथ १९३७ मध्ये मिसिसिपी राज्यात मोटार अपघातात गेल्या. फिलाडेल्फियाजवळच्या त्यांच्या कबरीवर तेहतीस वर्षे शिळा नव्हती. १९७० मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसी यांच्या घरी काम केलेल्या एक बाई यांनी मिळून पैसे भरले, तेव्हा तिथे नाव कोरले गेले.

या खोलीत बसलेल्या ॲलिस वॉकर यांनी अशीच दुसरी कबर शोधली होती. झोरा नील हर्स्टन या न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय साहित्य-कलांच्या नवजागरणाच्या काळातल्या थोर कादंबरीकार आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक. १९६० मध्ये फ्लोरिडातल्या सरकारी अनाथगृहासारख्या एका कल्याणगृहात राहत असताना त्यांचे निधन झाले आणि फोर्ट पिअर्स येथे त्यांना बिनखुणेच्या जागी पुरले गेले. त्यांची पुस्तके तोवर बाजारातून नाहीशी झालेली होती. १९७३ मध्ये वॉकर तिथे गेल्या, हर्स्टन यांची भाची असल्याचे सांगत माग काढत राहिल्या, कमरेएवढ्या वाढलेल्या गवतात अंदाजाने जागा ठरवली आणि तिथे शिळा बसवली. मार्च १९७५ मध्ये या शोधाची हकीकत त्यांनी ‘मिझ’मध्ये लिहिली.

हर्स्टन तरुण होत्या तेव्हा त्यांच्याही काळात अशी टेबले होती, आणि हे इथे महत्त्वाचे आहे. वॉशिंग्टनच्या एस स्ट्रीटवर कवयित्री जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांचे घर दर शनिवारी संध्याकाळी लेखकांसाठी उघडे असे. हर्स्टन, लँग्स्टन ह्यूज, जीन टूमर, ॲलेन लॉक अशी मंडळी तिथे येत. म्हणजे सोबत होती, चर्चा होती, यजमानीण होती, आणि तरीही पुढे हर्स्टन एकाकी आणि विस्मृतीत गेल्या. जमण्याने आपोआप कुणी वाचत नाही. ब्रुकलिनच्या खोलीत बसलेल्यांपैकी निदान एकीने हे गवतात उभे राहून पाहिलेले होते, आणि सिस्टरहुडचे काम समजून घ्यायचे तर ही गोष्ट विसरून चालणार नाही. मैत्री हवी होती, पण मैत्रीच्या जोडीला पुस्तके छापात राहतील, अभ्यासक्रमात जातील, परीक्षणे होतील, असा बंदोबस्तही हवा होता.

टेबलावर काय होते

गम्बो हा लुइझियानाचा दाट रस्सा. मासळी, कोंबडी, सॉसेज जे हाताशी असेल ते त्यात जाते, आणि त्याला दाटपणा पुष्कळदा भेंडीने येतो. ‘गम्बो’ हा शब्दच आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आलेला आहे. गुलामीत आणलेल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून आलेला तो शब्द आणि ती चव. सिस्टरहुडच्या छायाचित्रातल्या व्हर्टामे ग्रोव्हनर यांनी १९७० मध्येच दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीवरील आपल्या माणसांच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिले होते, आणि त्यात मापे न देता हाताच्या अंदाजाने रांधण्याला ज्ञानाचा मान दिला होता. अशा मंडळींमध्ये जेवण हा चर्चेआधीचा उपचार राहत नाही, ते चर्चेचाच भाग होते.

शॅम्पेनचे मात्र वेगळे आहे. तिला या स्त्रियांच्या घरांत गम्बोसारखा वारसा नव्हता. प्रकाशनव्यवसायात शॅम्पेन हे दुसऱ्याने आपल्यासाठी उघडायचे पेय असते: पुस्तक निघाले, पुरस्कार मिळाला, की प्रकाशक पेला हातात देतो. इथे पुरस्काराची वाट न पाहता, कुणाच्या परवानगीविना, या स्त्रिया एकमेकींसाठी बाटली उघडत होत्या. हा माझा अन्वयार्थ आहे, पण तो मला ओढूनताणून केलेला वाटत नाही. आपण साजरे करण्याजोगे काम केले आहे हे ठरवण्याचा अधिकार त्या पेल्यात होता. स्त्रियांनी मद्याचे पेले घेऊन बसण्याचा उल्लेख आपल्याकडे अजूनही काहींना खटकेल, म्हणून एवढे नोंदवतो की या भेटींमध्ये मद्याचे काम बेभान होण्याचे नव्हते. पाहुणी आणि यजमानीण हे नाते त्याने मध्ये आणले, आणि स्पर्धक हे नाते तेवढा वेळ दारात उभे राहिले.

पॉल मार्शल यांच्या अनुभवातून याची दुसरी बाजू दिसते. त्यांचे आईवडील बार्बाडोसहून ब्रुकलिनला आलेले होते. आई आणि तिच्या मैत्रिणी दिवसभर गोऱ्यांच्या घरी रोजाने झाडलोट करून आल्या की स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसत आणि मालकिणींपासून युद्धापर्यंत सगळ्यावर बोलत. आपल्याला भाषा मिळाली ती या ‘स्वयंपाकघरातल्या कवींकडून’, असे मार्शल यांनी जानेवारी १९८३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले. त्या बायकांना अमेरिकेत वर्ण, लिंग आणि परकेपण अशा तिहेरी कारणाने अदृश्य केलेले होते आणि बोलणे हेच त्यांचे आश्रयस्थान होते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबलेल्या हातांनी आपल्या स्वयंपाकघरात बोलायला बसणे ही परंपरा ब्रुकलिनमध्ये सिस्टरहुडच्या आधी दोन पिढ्या चालत आलेली होती. जून जॉर्डनही जमैकाहून आलेल्या आईवडिलांची मुलगी होत्या आणि ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीत वाढल्या होत्या.

इतिवृत्त

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब जेवणाच्या वर्णनात बहुधा झाकली जाते. या भेटींची इतिवृत्ते लिहिली जात होती. मैत्रिणींच्या जेवणाचे कुणी इतिवृत्त लिहीत नाही आणि समितीच्या बैठकीत कुणी गम्बो रांधत नाही. सिस्टरहुडने दोन्ही केले. काय ठरले, कुणी कुणाशी बोलायचे, हे कागदावर येत होते, आणि तो कागद आणि आपसांतला पत्रव्यवहार उरल्यामुळेच पुढे ऑरेगन विद्यापीठातील अभ्यासक कोर्टनी थॉर्सन यांना या गटाचा सविस्तर अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध करता आला. बिनखुणेची कबर पाहिलेल्या स्त्रीला कागदाची किंमत कळते.

बोलण्याचा रोख प्रत्यक्ष संस्थांकडे होता. रँडम हाऊस, ‘मिझ’ आणि १९७० पासून कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी निघणारे ‘इसेन्स’ ही ठिकाणे समोर होती, आणि गटातल्या कुणाचा ना कुणाचा पाय तिथे होता. मॉरिसन प्रकाशनसंस्थेत, वॉकर ‘मिझ’मध्ये, जेफरसन ‘न्यूजवीक’मध्ये पुस्तकांवर लिहिणाऱ्या. लेखिका, संपादक आणि समीक्षक एका टेबलाशी बसल्या की ‘या पुस्तकाकडे कुणी पाहिलेच नाही’ ही तक्रार तक्रार राहत नाही, कुणाच्या तरी सोमवारच्या कामाच्या यादीत जाते. पुढे विद्यापीठांचे विभागही या प्रयत्नांच्या कक्षेत आले.

याची अडचणही सांगितली पाहिजे. संपादक खोलीत असते तेव्हा खोलीत सत्ता असते. मॉरिसन यांनी रँडम हाऊसमध्ये टोनी केड बाम्बारा, गेल जोन्स, अँजेला डेव्हिस यांची पुस्तके पुढे आणली, हे काम अतुलनीय आहे. पण प्रत्येक संपादकाला नकारही द्यावा लागतो, आणि जिच्याशी आपण जेवतो तिचे हस्तलिखित आपल्या मेजावर आले तर मोकळेपणा दोन्ही बाजूंनी अवघड होतो. प्रामाणिक बोलणे म्हणजे सगळे एकमेकींचे कौतुक करतात ते नव्हे. मतभेद असूनही पुढच्या महिन्यात पुन्हा यावेसे वाटणे ही त्याची कसोटी, आणि दोन वर्षे लेखिका पुन्हा येत राहिल्या.

ज्या गोष्टी इतिवृत्तात येत नाहीत त्यांसाठीच तर दार बंद करायचे असते. गटातल्या ऑड्रे लॉर्ड यांनी डिसेंबर १९७७ मध्ये शिकागोला आधुनिक भाषांच्या अभ्यासकांच्या अधिवेशनात केलेले भाषण इथे आठवते. स्तनात गाठ सापडून शस्त्रक्रियेपर्यंतचे अनिश्चिततेचे आठवडे त्यांनी नुकतेच काढले होते, आणि त्या भाषणात त्यांनी सांगितले की आपले मौन आपले रक्षण करणार नाही. समलिंगी स्त्री म्हणून, कृष्णवर्णीय स्त्री म्हणून, त्यांना हे जाहीर सभेत म्हणता आले. प्रत्येकीला ते तसे एकदम जमत नाही. आधी सात-आठ जणींसमोर, पेला हातात असताना, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा सुरू करता येईल अशा ठिकाणी ते म्हणून पाहावे लागते. त्या काळात समलिंगी स्त्रियांविषयीचा द्वेष कृष्णवर्णीय स्त्रीवादाविरुद्ध हत्यारासारखा वापरला जात होता, हे लक्षात घेतले तर अशा खोलीची गरज अधिकच कळते.

थांबणे

दोन वर्षांनी या भेटी थांबल्या. वॉकर कॅलिफोर्नियाला राहायला गेल्या, जॉर्डन १९७८ पासून स्टोनी ब्रूकच्या विद्यापीठात शिकवू लागल्या, लॉर्ड यांच्यावर सप्टेंबर १९७८ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि जवळपास प्रत्येकीचे काम, मागणी आणि प्रवास वाढला. एका शहरातल्या घरांवर उभ्या असलेल्या गटाची मर्यादा इथे उघडी पडते. दक्षिणेत किंवा पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या लेखिकेला या टेबलाशी जागा नव्हती, आणि न्यूयॉर्कमधल्या माणसांची पांगापांग झाली की टेबलही राहणार नव्हते. पण अनेक चांगल्या गोष्टी अल्पकाळ टिकतात म्हणून त्यांना अपयशी ठरवण्याची घाई मला मान्य नाही. नोंदणी केलेली, पदाधिकारी असलेली संस्था कदाचित वीस वर्षे चालली असती आणि त्यांतली अठरा वर्षे पदाधिकारी निवडण्यात गेली असती.

त्या दोन वर्षांत आणि त्यांच्या लगेच पुढे काय घडले याचा हिशेब मात्र मांडता येतो, सगळ्याचे श्रेय गटाला न देता. १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने हर्स्टन यांची सर्वांत महत्त्वाची कादंबरी पुन्हा छापली. १९७९ मध्ये वॉकर यांनी संपादित केलेला हर्स्टन यांच्या निवडक लेखनाचा ग्रंथ आला. १९८० मध्ये लॉर्ड आणि बार्बरा स्मिथ यांनी इतरांसह गोऱ्या नसलेल्या स्त्रियांसाठी स्वतःचे प्रकाशन उभे केले आणि त्याला नाव दिले ‘किचन टेबल’. आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, तेव्हा त्यांनाही आधीच्या पिढीच्या खुणा अशाच पायपिटीने शोधाव्या लागल्या होत्या. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ मध्ये दलित पँथरने घेतल्यामुळे रस्त्यावरचा तो वारसा मराठीत ओळखीचा झाला. घरातल्या टेबलावरच्या या वारशाकडे आपले लक्ष मानाने कमी गेले आहे.

१ डिसेंबर १९८७ रोजी थोर कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन गेले, राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार किंवा पुलित्झर एकदाही न मिळता. २४ जानेवारी १९८८ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखकांच्या सह्यांचे निवेदन छापून आले. टोनी मॉरिसन यांनाही हे दोन्ही पुरस्कार अद्याप मिळालेले नाहीत, याकडे त्यात लक्ष वेधले होते. निवेदनासोबत जी प्रस्तावना होती ती समीक्षक ह्यूस्टन बेकर यांच्यासह लिहिली होती जून जॉर्डन यांनी, आणि सह्यांमध्ये ॲलिस वॉकर यांचे नाव होते. दोन महिन्यांनंतर मॉरिसन यांना पुलित्झर जाहीर झाले. त्या निवेदनावर तेव्हा टीकाही झाली, पुरस्कार मागून घेतला असे म्हटले गेले. मला त्यात अकरा वर्षांपूर्वीची ती खोली दिसते. एकाच खुर्चीसाठी जिला आपल्याविरुद्ध उभे केले गेले असते, तिच्यासाठी या दोघींनी जाहीर सही केली.

छायाचित्रातल्या आठपैकी काही चेहरे जगभरच्या वाचकांना ठाऊक आहेत आणि काही नाहीत. जॉर्डन २००२ मध्ये गेल्या, ग्रोव्हनर २०१६ मध्ये, शांगे २०१८ मध्ये, मॉरिसन २०१९ मध्ये. पण ते छायाचित्र जिथे नीट छापले जाते तिथे त्याखाली आठही नावे असतात, उभ्या असलेल्यांची आणि बसलेल्यांची, ओळखीची आणि अनोळखी.